दोन रकान्यांची वही

माझ्याकडे एक जुनी वही आहे. दर वर्षी सप्टेंबर संपता संपता ती कपाटातून बाहेर येते. पानाच्या मधोमध एक उभी रेघ आखलेली असते. डावीकडे मथळा ‘डोके’, उजवीकडे ‘जीव’. अमेरिकेतल्या बेसबॉलचे प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीच्या मालिका, सुरू होण्याआधी डावीकडे मी लिहिते कोण जिंकेल, आणि उजवीकडे लिहिते कोणी जिंकावे. डाव्या रकान्यातली माझी भाकिते बहुतेक वर्षी चुकतात. उजव्या रकान्याला चूक-बरोबर नसते, तिथे फक्त सुख किंवा दुःख असते.

ही वही मी २००३ च्या शरदात बोस्टनजवळच्या सॉमरव्हिल गावात सुरू केली. मी वाढले इंदूरला. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि रेडिओवर क्रिकेट. बेसबॉल म्हणजे विटीदांडूचा परदेशी भाऊ, एवढीच माझी समजूत होती. मी संशोधनासाठी गेले आणि एका वृद्ध विधवेच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. त्यांना मी मनातल्या मनात आजीच म्हणे. त्यांच्या स्वयंपाकघरात एक रेडिओ होता आणि एप्रिल ते ऑक्टोबर त्यावर बोस्टन रेड सॉक्सचा सामना लागलेला असे. खेळाचे नियम मी त्यांच्याकडूनच शिकले, भांडी पुसता पुसता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आणखी एक नियम सांगितला, जो कुठल्याही पुस्तकात नाही: आपला संघ जिंकेल असे मोठ्याने कधी म्हणायचे नाही.

मला तेव्हा हसू आले होते. इतिहास वाचायला लागले तसे लक्षात आले की भाकीत आणि पाठराखण यांची ओढाताण या खेळात वर्ल्ड सिरीजइतकीच जुनी आहे.

*

पहिली वर्ल्ड सिरीज झाली १९०३ मध्ये. दोन वेगवेगळ्या लीगचे विजेते, बोस्टन आणि पिट्सबर्ग, यांनी आपसांत ठरवून खेळलेली नऊ सामन्यांची मालिका. चार सामने झाले तेव्हा पिट्सबर्ग ३-१ ने पुढे होते. बोस्टनच्या पाठीराख्यांची एक टोळी होती, ‘रॉयल रूटर्स’ नावाची. तिचा म्होरक्या मायकेल मॅकग्रीव्ही हा दारूचा गुत्ता चालवणारा माणूस. गुत्त्याचे नाव ‘थर्ड बेस’, कारण घरी पोचण्याआधीचा तो शेवटचा थांबा. ही मंडळी गाडीने पिट्सबर्गला गेली आणि ‘टेसी’ नावाचे, एका संगीत नाटकातले त्या वेळी गाजत असलेले प्रेमगीत शब्द बदलून प्रतिस्पर्धी खेळाडूंची टर उडवत अखंड गात बसली. पिट्सबर्गचा होनस वॅग्नर हा त्या काळातला अव्वल बॅटर, त्याच्यावर त्यांचा विशेष रोख. बोस्टनने पुढचे चारही सामने जिंकले आणि मालिका ५-३ अशी खिशात घातली.

गाण्यामुळे चेंडू लागत नाहीत हे आपल्यालाही कळते आणि त्या रूटर्सनाही कळत असणार. पण बोस्टनमध्ये आजही या मालिकेची गोष्ट ‘टेसी’शिवाय पुरी होत नाही. पाठीराख्याला आपलाही निकालात काही वाटा आहे असे वाटत राहते. आजींचा मोठ्याने न बोलण्याचा नियम याच श्रद्धेची दुसरी बाजू. गाण्याने संघ जिंकत असेल, तर एका उद्धट वाक्याने तो हरूही शकेल.

पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, मालिका झाली नाही. न्यूयॉर्क जायंट्स संघाने धाकट्या लीगच्या विजेत्याशी खेळण्यास नकार दिला. १९०५ पासून ती नियमाने होऊ लागली आणि तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट नियमाने होऊ लागली: वर्तमानपत्रांतली भाकिते.

*

या भाकीतकारांमध्ये मला सर्वांत जवळचा वाटतो तो ह्यू फुलर्टन. शिकागोचा हा क्रीडापत्रकार दोन्ही संघांतल्या एकेका जागेवरच्या खेळाडूंची तुलना करी, आकडे मांडी आणि मालिकेचा अंदाज बांधी. १९०६ मध्ये शिकागोचेच दोन संघ समोरासमोर आले. कब्जने त्या हंगामात ११६ सामने जिंकले होते आणि फक्त ३६ गमावले होते. समोरचे व्हाइट सॉक्स ‘फटक्याविना चमत्कार’ अशा अर्थाच्या टोपणनावाने ओळखले जात, कारण त्यांची फलंदाजीची सरासरी त्यांच्या लीगमध्ये सर्वांत कमी होती. फुलर्टनने आकडेमोड केली आणि लिहिले, व्हाइट सॉक्स जिंकतील. असे सांगतात की त्याच्या संपादकाला हे इतके हास्यास्पद वाटले की त्याने लेख दाबून ठेवला. व्हाइट सॉक्सने मालिका ४-२ ने जिंकली, आणि मग तो लेख छापला गेला.

यातून फुलर्टनची कीर्ती झाली. पण खरा धडा वेगळाच आहे. बेसबॉल हा फार मोठ्या हंगामाचा खेळ. आज प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो आणि उत्तमातला उत्तम संघही त्यांतले पन्नास-साठ हरतो. एकेका सामन्यात बलवान आणि दुबळा यांतले अंतर अगदी थोडे असते, आणि ते दिसायला सहा महिने लागतात. प्लेऑफमध्ये मात्र निकाल लावायचा असतो तीन, पाच किंवा सात सामन्यांत. समजा, एखाद्या संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता १०० पैकी ५५ आहे. मग सात सामन्यांची मालिका जिंकण्याची त्याची शक्यता १०० पैकी ६१ होते. अशा तीन मालिका ओळीने जिंकायच्या असतील तर ती २३ वर येते. म्हणजे मैदानातल्या सर्वांत चांगल्या संघावर बोट ठेवणारा शहाणा माणूसही चारांतल्या तीन वेळा चुकणार.

पूर्वी दोन लीगचे दोन विजेते थेट वर्ल्ड सिरीजमध्ये भेटत. १९६९ मध्ये त्याआधी एक फेरी आली, १९९५ मध्ये आणखी एक, आणि २०२२ पासून बारा संघ प्लेऑफमध्ये उतरतात. दारे वाढली तशी भाकिताची किंमत उतरत गेली. २००१ मध्ये सिअ‍ॅटल मरिनर्सने कब्जच्या ११६ विजयांची बरोबरी केली. न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध पहिले दोन सामने घरच्या मैदानावर गमावल्यावर त्यांचे व्यवस्थापक लू पिनिएला यांनी मालिका सहाव्या सामन्यासाठी सिअ‍ॅटलला परत येईल अशी हमी दिली. ती परत आली नाही. मरिनर्स ४-१ ने हरले.

आणि १९६० तर भाकीतकारांनी चौकटीत लावून ठेवावे असे वर्ष. यांकीजने पिट्सबर्गविरुद्धचे तीन सामने १६-३, १०-० आणि १२-० असे जिंकले. सात सामन्यांत मिळून यांकीजच्या धावा ५५, पिट्सबर्गच्या २७. मालिका जिंकली पिट्सबर्गने, सातव्या सामन्याच्या शेवटच्या डावात बिल मॅझेरोस्कीच्या होम रनवर, १०-९. धावांची बेरीज करून मालिका ठरत नाही, सामने मोजून ठरते.

*

फुलर्टनकडे परत येते, कारण त्याचे सर्वांत महत्त्वाचे भाकीत चुकलेले आहे.

१९१९ मध्ये व्हाइट सॉक्स पुन्हा वर्ल्ड सिरीजमध्ये आले. समोर सिनसिनाटी रेड्स. फुलर्टनने आकडे मांडले आणि व्हाइट सॉक्सच्या बाजूने कौल दिला. जवळपास सगळ्यांचाच तोच अंदाज होता. पण मालिका सुरू होण्याच्या तोंडावर पैजांचे भाव अचानक रेड्सच्या बाजूने झुकू लागले आणि हॉटेलांच्या दिवाणखान्यांतून कुजबुज सुरू झाली. फुलर्टन अस्वस्थ झाला. जुना नामवंत पिचर क्रिस्टी मॅथ्यूसन पत्रकारांच्या कक्षात त्याच्या शेजारी बसला होता. दोघांनी ठरवले, जो खेळ संशयास्पद वाटेल त्याच्यावर खूण करायची.

पहिल्या सामन्यात व्हाइट सॉक्सचा पिचर एडी सिकॉट याने रेड्सच्या पहिल्याच बॅटरच्या अंगावर चेंडू मारला. पुढे उघड झाले की ती सट्टेबाजांना दिलेली खूण होती: सौदा पक्का. तो सामना रेड्सने ९-१ ने जिंकला आणि नऊ सामन्यांची मालिका ५-३ ने. फुलर्टनने मालिका संपताच लिहिले की या संघातले सात खेळाडू पुढच्या वसंतात मैदानावर दिसणार नाहीत. हेही भाकीत चुकले, कारण त्यांतले बहुतेक १९२० च्या हंगामातही खेळत राहिले. डिसेंबरमध्ये त्याने उघड सवाल केला की मोठ्या लीगचा खेळ सट्टेबाजांसाठी चालवला जातो आहे का. बेसबॉलच्या क्षेत्रातल्या मातब्बरांनी त्याचीच टर उडवली. स्वतःचा अंदाज चुकला म्हणून हा माणूस खेळावर राग काढतो आहे, अशी हेटाळणी झाली.

१९२० च्या शरदात ग्रँड ज्युरीपुढे कबुल्या आल्या. ऑगस्ट १९२१ मध्ये न्यायालयात ज्युरीने खटला चाललेल्या खेळाडूंना निर्दोष सोडले. दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे नवे आयुक्त, न्यायाधीश लँडिस यांनी आठ खेळाडूंना कायमचे बाहेर काढले. त्यांत ‘शूलेस’ जो जॅक्सन होता, ज्याची बॅट त्या मालिकेत उत्तम चालली होती. त्यांत बक वीव्हरही होता, ज्याने पैसे घेतले नव्हते पण कटाची माहिती असून तो गप्प राहिला होता.

मला या प्रकरणात फुलर्टनची जागा विलक्षण वाटते. त्याचे भाकीत चुकले, आणि ते का चुकले याचा शोध घेताना त्याच्या हाती सत्य लागले. भाकीत रोजच चुकते, पण प्रामाणिकपणे चुकते. १९१९ मध्ये ते चुकवले गेले होते. त्या ऑक्टोबरमध्येही शिकागोच्या गल्लीबोळांत हजारो लोक आपल्या संघासाठी श्वास रोखून बसले असतील. त्यांचा उजवा रकाना खरा होता. फसवणूक झाली ती त्यांची. पैज लावणाऱ्याचे पैसे बुडतात, पाठीराख्याच्या जिवाशी खेळ होतो, आणि त्याची भरपाई कुठलेही न्यायालय करत नाही.

*

उजव्या रकान्याचा इतिहास लिहायचा तर ब्रुकलिनपासून सुरुवात करावी लागेल. ब्रुकलिन डॉजर्स १९४१ पासून १९५३ पर्यंत पाच वेळा वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजकडून हरले. त्याआधी १९१६ आणि १९२० मध्येही ते हरलेलेच होते. ‘पुढच्या वर्षी बघा’ हे तिथल्या लोकांचे ब्रीदवाक्य झाले. १९४७ मध्ये याच संघाने जॅकी रॉबिन्सनला खेळवून मोठ्या लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडली, आणि ब्रुकलिन कधीही न पाहिलेल्या देशभरच्या कृष्णवर्णीय कुटुंबांचा जीव त्या संघात अडकला. ४ ऑक्टोबर १९५५ ला जॉनी पॉड्रेसने सातव्या सामन्यात यांकीजला एकही धाव करू दिली नाही. २-०. ‘पुढचे वर्ष’ आले.

त्यानंतर दोनच हंगाम, आणि १९५७ संपताच मालकांनी संघ उचलून लॉस एंजेलिसला नेला.

हे वाचताना मला माझे आजोबा आठवले. इंदूरच्या यशवंत क्लबच्या मैदानावर त्यांनी होळकर संघ पाहिला होता, सी. के. नायडू कर्णधार असलेला, मुश्ताक अलींचा. त्या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. १९५४-५५ च्या हंगामानंतर तो संघच उरला नाही. संस्थान गेले, मग त्याचे नावही गेले. आजोबा नंतर क्रिकेट ऐकत, पण कोणाच्या बाजूने हे कधी सांगत नसत. मला ती त्यांची तटस्थ वृत्ती वाटायची. ब्रुकलिनच्या म्हाताऱ्यांविषयी वाचले तेव्हा समजले की ती वृत्ती नव्हती, रिकामा झालेला रकाना होता. २०२२ च्या जूनमध्ये बेंगळुरूला मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. मी डाव्या रकान्यात ४१ वेळा जिंकलेल्या मुंबईचे नाव लिहिले होते. उजव्या रकान्यात मराठी माणसाने काय लिहावे हा प्रश्न मला पडला नाही. आजोबांची जागा मी तिथे भरून टाकली.

*

आता आजींकडे. रेड सॉक्सने १९१८ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली होती, त्यानंतर नाही. १९१९ चा हंगाम संपल्यावर त्यांनी बेब रूथला यांकीजला विकले आणि पुढच्या सगळ्या अपयशाला लोकांनी त्याचा शाप म्हणायला सुरुवात केली. १९८६ मध्ये न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध सहाव्या सामन्यात विजय एका चेंडूवर आला असताना तो निसटला. आजींचे यजमान तो सामना पाहून त्याच हिवाळ्यात गेले. आजी त्याबद्दल एवढेच म्हणत, “त्याला वाटलं होतं, झालं एकदाचं.”

२००३ च्या ऑक्टोबरमध्ये यांकीजविरुद्धचा सातवा सामना अकराव्या डावात गेला. मध्यरात्र उलटल्यावर अ‍ॅरन बूनने होम रन मारला. आजींनी रेडिओ बंद केला, कप विसळला आणि मला शुभ रात्री म्हटले. त्याच आठवड्यात शिकागोत १९०८ पासून वाट पाहणारे कब्ज वर्ल्ड सिरीजपासून पाच आउट दूर होते. प्रेक्षकांत बसलेल्या एका पाठीराख्याचा हात उडालेल्या चेंडूला लागला, त्यानंतर त्याच डावात संघाने आठ धावा दिल्या, आणि सगळ्या शहराचा राग त्या एका माणसावर निघाला. त्याला सुरक्षारक्षकांच्या गराड्यात बाहेर काढावे लागले. चेंडू हातून सोडला होता खेळाडूंनीही, पण लोकांना गुन्हेगार हवा होता, आणि तो त्यांच्यातलाच होता. निकालात आपला वाटा आहे या श्रद्धेचे हे सर्वांत क्रूर रूप.

२००४ ला पुन्हा यांकीज. १६ ऑक्टोबरला तिसरा सामना यांकीजने १९-८ ने जिंकला, मालिका ३-०. बेसबॉलच्या इतिहासात तोपर्यंत एकाही संघाने ०-३ वरून मालिका जिंकली नव्हती. मी वर गेले आणि वहीत डाव्या रकान्यात लिहिले: यांकीज, उद्याच. आकडे तेच सांगत होते.

दुसऱ्या रात्री नवव्या डावात यांकीज ४-३ ने पुढे होते आणि चेंडू होता मारियानो रिव्हेराच्या हातात, ज्याच्या हातून आघाडी जवळपास कधीच सुटत नसे. केव्हिन मिलार चालत पहिल्या बेसवर गेला. त्याच्या जागी धावायला डेव्ह रॉबर्ट्स आला आणि त्याने दुसरा बेस चोरला. तो चोरणार हे सगळ्या मैदानाला ठाऊक होते, तरी त्याने चोरला. बिल म्युलरच्या फटक्यावर बरोबरी झाली. बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझने होम रन मारला तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. पुढच्या सामन्यात चौदा डाव, पुन्हा ऑर्टिझ. मग सहावा. मग सातवा, १०-३. त्यानंतर सेंट लुईसविरुद्ध सलग चार विजय. २७ ऑक्टोबरला चंद्रग्रहण चालू असताना ८६ वर्षे संपली.

दुसऱ्या दिवशी आजींनी मला गाडीतून दफनभूमीत नेले. आम्ही एकट्या नव्हतो. कित्येक थडग्यांवर त्या दिवसाचे वर्तमानपत्र, टोप्या, लहान झेंडे ठेवलेले होते. आजींनी वर्तमानपत्र दगडाखाली दाबून ठेवले. परत येताना मला राहवले नाही. मी सांगून टाकले की तिसऱ्या सामन्यानंतर मी वहीत यांकीजचे नाव लिहिले होते. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मीही मनात तेच लिहिलं होतं. पण रेडिओ लावायचा थांबले नाही.”

बारा वर्षांनी कब्ज जिंकले, १०८ वर्षांनी. लोकांनी रिग्ली फील्डच्या विटांच्या भिंतीवर खडूने आपल्या गेलेल्या माणसांची नावे लिहिली. मी ते छायाचित्र पाहिले तेव्हा आजीही नव्हत्या.

*

२०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या पैजांना आडकाठी करणारा केंद्रीय कायदा रद्द केला आणि एकामागून एक राज्यांनी त्या कायदेशीर केल्या. आता सामना चालू असताना पुढच्या चेंडूवरसुद्धा पैज लागते आणि तिच्या जाहिराती सामन्याच्या मधोमध येतात. २०२४ मध्ये एका खेळाडूला स्वतःच्याच संघाच्या सामन्यांवर पैजा लावल्याबद्दल आजीवन बंदी झाली. २०२५ मध्ये आयुक्तांनी ठरवले की आजीवन बंदी मृत्यूबरोबर संपते, आणि १९५१ मध्ये वारलेल्या जो जॅक्सनचे नाव काळ्या यादीतून निघाले. मृताला क्षमा मिळाली याचे मला वाईट वाटत नाही. पण ज्या वर्षांत पैजेला घरात घेतले, त्याच वर्षांत तिच्यामुळे बाहेर काढलेल्यांना परत घ्यावे, हा योग विसरू नये असा आहे.

माझ्या वहीत तिसरा रकाना नाही. मित्र विचारतात, एवढे लिहितेस तर थोडे पैसे का लावत नाहीस? त्यांना मी फुलर्टनची गोष्ट सांगते. चुकायची मला भीती नाही; मला चुकायला प्रामाणिक खेळ हवा. डाव्या रकान्यात यंदाही मी सर्वांत बलवान संघाचे नाव लिहीन आणि चारांत तीनदा चुकेन. उजव्यात कोणाचे, ते मोठ्याने सांगणार नाही.